न दिसणारी भेग

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याला जगातली उफराटी वाटणी दाखवायची होती. दंतवैद्यकाशी त्याला काही कर्तव्य नव्हते. म्हणूनच मधली एक तिसरी अवस्था त्याच्या ध्यानात आली नसावी. दातही आहेत, चणेही आहेत, आणि चणा दाढेखाली फोडून जबडा सैल सोडावा तो मस्तकापर्यंत अशी सणक जाते की माणूस चणाही विसरतो आणि म्हणही.

दिवाळीच्या दिवसांत हा प्रसंग अनेक घरांत घडतो. कडबोळे जरा कडक निघते, चिवड्यातला एखादा दाणा दगडासारखा लागतो, आणि ताटावर बसलेला माणूस एकाएकी गालाला हात लावून गप्प होतो. क्षणभराने सारे ठीक. आरशात पाहावे तर दाढ धडधाकट. कीड नाही, सूज नाही, दात हलतही नाही. दुसऱ्या घासाला काही होत नाही, तिसऱ्या घासाला पुन्हा तीच सणक. थंड पाण्याचा घोट त्या बाजूला गेला तरी कळ येते. घरातली मंडळी म्हणतात, “काही नाही हो, मनाचे खेळ!” दुखणे तर खरे, पण दाखवायला काही नाही.

बहुतेक वेळा या दुखण्याचे कारण असते दातात पडलेली एक सूक्ष्म भेग. माणूस कठीण पदार्थ चावू लागला तेव्हापासून ही भेग त्याच्या सोबतीला असली पाहिजे. परंतु तिच्या दुखण्याला आज रूढ असलेले वैद्यकीय नाव मिळाले ते १९६४ साली. म्हणजे माणूस अंतराळात जाऊन आला त्याच्यानंतर तीन वर्षांनी. तोंडातल्या तोंडात असलेली ही गोष्ट ओळखायला इतका उशीर का लागावा, आणि अखेरीस ती ओळखू आली ती कशामुळे, हे मला या लेखात सांगायचे आहे. रुग्णाच्या शब्दावर वैद्याने किती विसंबावे हा जुना प्रश्न या हकीकतीत पहिल्यापासून शेवटपर्यंत गुंतलेला आहे.

*

प्रथम दात ही काय वस्तू आहे ते पाहू. बाहेरून दिसते ते दाताचे पांढरे कवच, ज्याला डॉक्टर एनॅमल म्हणतात. आपल्या शरीरात याहून कठीण पदार्थ नाही. वजनाने पाहिले तर शेकडा ९६ भाग हे कवच खनिजाचेच असते. त्याच्या आत डेंटिन नावाचा किंचित पिवळसर, जरासा लवचीक थर, आणि अगदी गाभ्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ मगज. कवच कठीण म्हणून चिवट असेलच असे नाही. चिनी मातीची बरणी कठीण असते, पण एका टोल्याने तिला तडा जातो, आणि तडा गेलेली बरणी पुढे कित्येक वर्षे लोणचे सांभाळीतही राहते. दाताचे तसेच आहे. फरक इतकाच की बरणीला दुखत नाही.

दुसरी गोष्ट अशी की हे कवच घडविणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येताच नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधते, कापलेली कातडी भरून येते. पण दाताच्या कवचाला गेलेला तडा आपोआप कधीच सांधला जात नाही. तो तेवढाच राहील किंवा वाढेल.

तिसरी गोष्ट जबड्याच्या रचनेची. पानाच्या तबकातला अडकित्ता आठवावा. सुपारी कठीण असेल तर आपण ती पात्याच्या टोकाशी न धरता बिजागरीच्या जवळ सरकवतो, कारण तिथे जोर अधिक लागतो. आपला जबडाही एक अडकित्ताच आहे. त्याची बिजागरी कानाजवळ, आणि तिच्या सर्वांत नजीक मागच्या दाढा. म्हणून समोरच्या दातांपेक्षा दाढांवर पडणारा दाब पुष्कळच मोठा असतो. त्यातून दाढेच्या माथ्यावर उंचवटे आणि मधे खळगे असतात. वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यात पाचरीसारखा बसतो. लाकूडतोड्या ओंडका फोडतो तो याच तत्त्वाने.

*

भेगाळलेल्या दाताचा सर्वांत जुना पुरावा, निदान उपचार झाल्याचा संशय घ्यावा असा, स्लोव्हेनियातला आहे. तिथल्या लोंचे नावाच्या खेड्याजवळच्या एका गुहेत विसाव्या शतकाच्या आरंभी माणसाच्या खालच्या जबड्याचा एक तुकडा सापडला आणि तो त्रिएस्त येथील निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात पडून राहिला. सुमारे शंभर वर्षांनी शास्त्रज्ञांनी तो नव्या यंत्रांखाली घातला. जबडा होता सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीचा आणि तो चोवीस ते तीस वर्षांच्या एका माणसाचा होता. त्याच्या डाव्या सुळ्याला वरून खाली उभी भेग गेली होती, आणि त्या भेगेच्या तोंडावर व झिजून उघड्या पडलेल्या भागावर मेण बसवलेले होते. साधे मधमाश्यांचे मेण! २०१२ साली हा शोध प्रसिद्ध झाला. मेण जिवंतपणी भरले की मृत्यूनंतर एखाद्या विधीचा भाग म्हणून लावले, याबद्दल खुद्द संशोधकांनी सावधपणे दार उघडे ठेवले आहे. पण जिवंतपणी भरले असेल तर, हवेची झुळूक लागताच कळवळणाऱ्या त्या तरुणाला कोणीतरी विचारले असेल, “कुठे दुखते?” आणि त्याने बोट ठेवलेल्या जागी मेण दाबले असेल. भेग झाकली की कळ कमी होते, हे ज्ञान तेव्हाच्या माणसाला झालेले असणे अशक्य नाही.

दात कोरण्याची कला तर याहूनही जुनी. बलुचिस्तानातल्या मेहेरगढ येथे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत नऊ माणसांच्या एकूण अकरा दाढांना गारगोटीच्या सामत्याने पाडलेली भोके आढळली. २००६ साली हे जगापुढे आले. मणी विंधणारे कारागीर त्या वस्तीत होते. तोच हात दाढेवरही चालला असावा, असा तर्क आहे.

लेखी पुरावा पाहू लागलो तर आपल्याला घरचाच ग्रंथ काढावा लागतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचा अध्याय आहे. त्यात तोंडाचे एकंदर ६५ रोग सांगितले असून त्यांपैकी आठ दाताचे आहेत. त्यांची नावे वाचताना मला पहिल्याने मोठे नवल वाटले. एकाचे नाव ‘दालन’: दात जणू चिरफाळले जात आहेत अशी तीव्र वेदना ज्यात होते तो. दुसरा ‘दंतहर्ष’: ज्यात दातांना थंड, ऊन, आणि स्पर्शसुद्धा सोसत नाही तो. तिसरा ‘भंजनक’, ज्यात दात मोडतो. चौथी ‘कपालिका’, ज्यात दाताचे खापरीसारखे कपचे निघतात; ती बरी करणे फार अवघड, असेही सुश्रुताने बजावले आहे. पुढे वाग्भटाने ‘दंतभेद’ नावाचा वेगळा रोग सांगितला. त्यात टोचल्यासारखी, फुटल्यासारखी वेदना होते.

यांपैकी अमुक एक रोग म्हणजेच आजचा भेगाळलेला दात, असे छातीठोकपणे म्हणणे योग्य होणार नाही. जुन्या नावांना नवी लेबले चिकटविण्याची हौस आपल्याकडे पुष्कळांना असते. त्यात ग्रंथाचाही मान राहत नाही आणि सत्याचाही. मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. यांतली काही नावे डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेवरून पडली आहेत, परंतु दालन, दंतहर्ष, दंतभेद ही नावे रोग्याच्या तोंडच्या शब्दांवरून आली आहेत. ‘चिरफाळल्यासारखे वाटते’, ‘गार सोसत नाही’, ‘फुटल्यासारखे होते’, असे रोगी म्हणाला आणि वैद्याने ते शब्द खरे मानून रोगाचे नावच तसे ठेवले. दंतहर्षावर कोमट स्नेहाचे कवल धरावेत, आणि दात दुखणाऱ्याने आंबट फळे, थंड पाणी, रूक्ष अन्न, दातवण आणि अतिकठीण पदार्थ वर्ज्य करावेत, असे सुश्रुत सांगतो. आजच्या दंतवैद्याने भेगाळलेल्या दाताच्या रोग्याला चिठ्ठी लिहून दिली तरी कठीण आणि थंड या दोन बाबतींत तो हेच लिहील.

*

पण सर्व जगात दाढदुखीचे जे एक कारण हजारो वर्षे मानले गेले ते भेग नव्हे. ते म्हणजे किडा. प्राचीन बाबिलोनच्या मातीच्या विटेवर एक मंत्र कोरलेला आहे. त्यात किडा देवापुढे रडत जातो आणि विचारतो, मला खायला काय देणार? देव पिकलेले अंजीर देऊ करतो. किडा ते नाकारतो आणि दात व हिरडी यांच्यामध्ये घर मागून घेतो. आपल्याकडेही ‘कृमिदंत’ हा शब्द आहे, आणि ‘दाढेला कीड लागली’ असे आपण आजही म्हणतो. युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी दाढेला देत आणि नंतर भांड्यात पांढरे बारीक ‘किडे’ काढून दाखवीत. आमच्या खेड्यांतून भुईरिंगणीच्या बियांची धुरी देणारे असत. ते पांढरे किडे म्हणजे उष्णतेने बी फुटून बाहेर पडलेला कोंब असे. पण दुखण्याने बेजार झालेला माणूस ते इतके निरखून पाहत नाही.

या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला फ्रान्सच्या पियेर फोशार याने. १७२८ साली त्याने दंतवैद्यकावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणून लोक त्याला ओळखू लागले. त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिले, त्याला किडा दिसला नाही, आणि तसे त्याने लिहून टाकले. पुढे १७५७ साली जर्मनीच्या शेफर नावाच्या धर्मोपदेशकाने ‘दातांतले काल्पनिक किडे’ असा विषय घेऊन पुस्तकच प्रसिद्ध केले. किडा गेला, पण त्याने आणलेली एक सवय मागे राहिली. दुखणाऱ्या दातात काहीतरी दिसले पाहिजे, भोक, काळेपणा, पू. आणि दिसले नाही तर रोग नाही, ही ती सवय. शिवाय उपटणे हाच त्या काळी मुख्य इलाज होता. चिमट्याने बाहेर काढलेल्या दाढेचे दोन तुकडे झाले तर ते चिमट्यामुळे झाले की आधीच भेग होती, हे कोण विचारणार?

*

एकोणिसाव्या शतकात दात उपटण्याऐवजी भरून वाचविण्याचे युग आले, आणि नेमक्या याच सुधारणेने भेगेला नवे बळ मिळाले. १८३३ साली क्रॉकूर नावाचे बंधू न्यूयॉर्कमध्ये उतरले आणि पारा व चांदीचे मिश्रण दाढेत भरून देऊ लागले. आपल्याकडे ‘दाढेत चांदी भरली’ म्हणतात ती हीच. सोन्याचा वर्ख ठोकून बसविणाऱ्या जुन्या दंतवैद्यांना हा स्वस्त प्रकार खपला नाही. १८४० साली स्थापन झालेल्या त्यांच्या अमेरिकन संघटनेने आपल्या सभासदांना हे मिश्रण न वापरण्याच्या शपथेत बांधले. पण लोकांना स्वस्त चांदी हवी होती, आणि १८५६ साली ती संघटनाच मोडली. या वादात पाऱ्याच्या विषारीपणाची चर्चा पुष्कळ झाली. पण दाढेच्या दृष्टीने आणखी एक संकट होते. त्या वेळच्या मिश्रणांपैकी काही घट्ट होताना आकसत, तर काही फुगत. दाढेच्या पोटात बसलेला धातू फुगला की चारी भिंतींवर दाब येणारच.

शिकागोच्या ग्रीन वार्डिमन ब्लॅक यांनी १८९० च्या दशकात प्रयोगांवर प्रयोग करून मिश्रणातल्या धातूंचे प्रमाण बसवून दिले. माणूस किती जोराने चावतो हे मोजण्याचे यंत्रही त्यांनी वापरले. त्यांच्या पद्धतीने कोट्यवधी दाढा वाचल्या, यात शंका नाही. पण चांदी भरण्यासाठी दाढ कोरावी लागे, आणि पुन्हा कीड लागू नये म्हणून खळगा जरा रुंदच घेण्याची रीत ब्लॅक यांनीच घालून दिली होती. घराच्या मधली आडभिंत पाडली की बाजूच्या भिंती वाऱ्यावर उभ्या राहतात. तसे त्या दाढांचे झाले. ज्या दाढा पूर्वी पस्तिशीत पडून जायच्या त्या आता साठीपर्यंत तोंडात राहू लागल्या, आणि इतकी वर्षे चावून चावून त्यांच्या पातळ भिंतींना भेगा जाऊ लागल्या. भेगाळलेला दात हे एका अर्थाने वाचलेल्या दाताचे दुखणे आहे.

एवढ्यात क्ष-किरण आले. राँटगेन यांचा शोध १८९५ च्या अखेरचा; १८९६ च्या जानेवारीतच जर्मनीच्या ओटो वॉल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे छायाचित्र घेतले. त्यासाठी त्यांना पंचवीस मिनिटे निश्चल राहावे लागले. आता दाताच्या आतलेही दिसू लागले, आणि दंतवैद्याची त्या चित्रावर श्रद्धा बसली. पण ही भेग त्या चित्रातही सहसा येत नाही. असे का, ते दोन फळ्या हातात घेऊन समजेल. दोन फळ्या एकमेकींना चिकटवून कडेकडून पाहा. मधली फट स्पष्ट दिसते. त्याच फळ्या समोरून पाहा. एकच फळी आहे असे वाटते. दाढेची भेग बहुधा पुढून मागे जाते, आणि क्ष-किरण गालाकडून जिभेकडे. म्हणजे ते फळीकडे समोरूनच पाहतात. शिवाय भेग केसाहून बारीक. अशा रीतीने रोग्याच्या शब्दाविरुद्ध एक नवा, मोठा वजनदार साक्षीदार उभा राहिला. “फोटोत काही नाही” हे वाक्य ऐकून परत आलेले रोगी किती असतील, त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही.

*

विसाव्या शतकाच्या मध्याला हे चित्र पालटू लागले. १९५४ साली गिब्ज नावाच्या दंतवैद्याने दाढेच्या उंचवट्याला तडा गेल्याने होणाऱ्या वेदनेचे वर्णन छापले. १९५७ साली रिची, मेंडेनहॉल आणि ऑर्बन या तिघांनी दाखवून दिले की अर्धवट फुटलेल्या दातामुळे आतला मगज सुजतो. आणि १९६४ साली कॅमेरॉन यांनी अमेरिकन दंतवैद्य संघटनेच्या नियतकालिकात अशा अनेक रोग्यांच्या हकीकती एकत्र मांडून या दुखण्याला नाव दिले: ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’. सिंड्रोम म्हणजे लक्षणांचा समूह. या शब्दाच्या निवडीतच सारे आले. भेग दिसो वा न दिसो, अमुक अमुक लक्षणे एकत्र आली की भेगेचा संशय घ्या, असे त्यात सुचविले होते. दिसण्यापेक्षा ऐकण्याला पुन्हा मान मिळाला.

ऐकायचे काय? तर एक साधी गोष्ट. किडलेली दाढ चावताना दुखते, सुजलेली दाढ दाबल्यावर ठणकत राहते. भेगाळलेली दाढ मात्र पुष्कळदा चावून झाल्यावर, जबडा सैल सोडताना सणकते. यामागचे कारण स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांवरून उमजते. डेंटिनच्या थरात कवचाकडून मगजाकडे जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. हा द्रव एकदम हलला की आतल्या मज्जातंतूला वेदना कळते. चावताना भेगेच्या दोन्ही बाजू किंचित फाकतात, आणि दाब निघताच झटकन मिटतात. त्या झटक्याने द्रव उसळतो आणि सणक जाते. थंड पाण्याची कळही याच वाटेने येते.

याच काळाच्या आसपासची, माझ्या नात्यातल्या एका आजींची हकीकत मला येथे सांगितली पाहिजे. त्या वर्षानुवर्षे एकाच बाजूने जेवत. भाकरी आमटीत कुस्करल्यावाचून त्यांनी तोंडात घातली नाही. एका दंतवैद्याने त्यांच्या वरच्या दोन दाढा एकामागून एक काढल्या. दोन्ही अगदी निकोप निघाल्या आणि दुखणे जागच्या जागी राहिले. पुढे “म्हातारीला सवयच झाली आहे दुखते म्हणायची” असे घरातली माणसे बोलू लागली. मग दुसऱ्या एका दंतवैद्याने त्यांना प्रश्न केला, “आजी, चावताना दुखतं की सोडताना?” आजी म्हणाल्या, “सोडताना. पण हे मला आजवर कुणी विचारलंच नाही.” खालच्या, चांदी भरलेल्या दाढेच्या एकेका उंचवट्यावर त्यांनी बारीक काडी ठेवून चावायला लावले. तिसऱ्या उंचवट्याला आजी खुर्चीत उडाल्या. घरी आल्यावर कळ थांबल्याचा आनंद त्यांनी फारसा दाखविला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “म्हणजे मी खोटं बोलत नव्हते.”

खालची दाढ भेगाळलेली आणि काढल्या वरच्या, हे ऐकून कोणाला आश्चर्य वाटेल. पण यातही शरीराचा एक नियम आहे. दाताच्या आतल्या मगजाला वेदना कळते, पण जागा नीट कळत नाही. सूज मुळाबाहेर पोचेपर्यंत रोग्याला नेमक्या दातावर बोट ठेवता येत नाही. कधी खालचे दुखणे वर भासते, कधी कानात, कधी कानशिलात. म्हणून रोग्याचे म्हणणे ऐकायचे, आणि मग ते एकेका दातावर पडताळून पाहायचे, अशी दोन्ही कामे वैद्याला करावी लागतात.

*

आज हा पडताळा कसा घेतात? उंचवट्याउंचवट्यावर चावून पाहण्याची कसोटी अजूनही पहिली. त्यासाठी आता काडीऐवजी खाच असलेले प्लॅस्टिकचे लहानसे साधन मिळते. दाताला बाजूने प्रखर उजेड लावतात. निकोप दातातून उजेड आरपार पसरतो, भेग असली तर तिच्यापाशी अडतो आणि पलीकडचा भाग काळोखा राहतो. निळा रंग लावून भेग उठवितात, जुने भरण काढून खालची जमीन भिंगातून पाहतात, हिरडीत बारीक सळई घालून भेग मुळाकडे उतरली आहे का याचा अंदाज घेतात. एक दिलासा येथेच दिला पाहिजे. उजेडात समोरच्या दातांवर ज्या बारीक उभ्या रेघा दिसतात त्या बहुतेक मोठ्या माणसांना असतात. त्या केवळ कवचातल्या असतात आणि निरुपद्रवी असतात. आरसा घेऊन त्यांची काळजी करीत बसू नये.

रेघ, तुटलेला उंचवटा, भेगाळलेला दात, दुभंगलेला दात आणि मुळाची उभी फूट, असे पाच प्रकार दंतवैद्य मानतात, आणि उपाय प्रकाराप्रमाणे बदलतो. उंचवटा तुटला असेल तर तेवढाच भाग बांधून काढता येतो. भेग मधोमध असेल तर दाताला बाहेरून आवळून धरावे लागते. खेड्यात बैलगाडीच्या चाकाला लोहार लोखंडी धाव चढवितो ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना हा उपचार समजावून सांगायला नको. धाव नसेल तर आरे आणि पुठ्ठे पहिल्याच खाचखळग्यात सुटतील. दंतवैद्यही आधी दाताभोवती पोलादी कडे बसवून पाहतात. कळ थांबली तर निदानही पक्के झाले आणि उपचाराची दिशाही. मग त्या जागी कायमची टोपी बसवायची. चिनी मातीची टोपी बसविण्याची युक्ती १८८० च्या दशकात डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड यांनी काढली. १९२७ साली एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडणारा लिंडबर्ग हा त्यांचा नातू. नातवाचे नाव जगभर गाजले. आजोबांची टोपी मात्र जगभरच्या तोंडांत बसली. पुढे १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी कवचावर आम्ल लावून ते खरबरीत केले की राळेसारखा पदार्थ त्याला घट्ट चिकटतो हे दाखविले, आणि दाढेच्या भिंती आतून एकमेकींना बांधण्याचीही सोय झाली.

मगज फार सुजला असेल तर रूट कॅनाल करावे लागते. भेग मुळापर्यंत उतरून दाताचे दोन तुकडे झाले असतील तर तो काढण्यावाचून इलाज नाही. टोपी बसवूनही काही दात पुढे जातातच, कारण भेग सांधत नाही, ती फक्त आवरली जाते. म्हणून लवकर ओळखणे हाच या दुखण्यातला अर्धा उपचार आहे.

लवकर ओळखायचे तर ओळखणारा शिकलेला हवा. आपल्या देशात ती सोय फार उशिरा झाली. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्याला भारतातले पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले. त्याचा खर्च चालावा म्हणून त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे आइस्क्रीमचे दुकान चालविले! दातांचा डॉक्टर आइस्क्रीम विकून दातांचे कॉलेज चालवितो, हा योग मौजेचा खरा. पण त्यामागची तळमळ मौजेची नव्हती. १९४८ साली दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. आणि योगायोग असा की ज्या १९६४ साली या दुखण्याला अमेरिकेत नाव मिळाले, त्याच साली डॉ. अहमद यांना पद्मभूषण मिळाले.

भेगेचा इतिहास अजून संपलेला नाही. २०२० साली महामारीने जग घरात कोंडले गेले, तेव्हा अमेरिकेतल्या दंतवैद्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. खुर्चीत भेगाळलेले दात अधिक येऊ लागले. २०२१ साली त्यांच्या संघटनेने केलेल्या पाहणीत शेकडा साठांहून अधिक दंतवैद्यांनी तसे सांगितले, आणि दातावर दात घासण्याची सवय वाढल्याचे तर शेकडा सत्तरांहून अधिक जणांनी. काळजीने माणूस झोपेत दातओठ खातो. आपल्या भाषेने रागाचे हे वर्णन कधीच करून ठेवले होते. भाषेला ठाऊक होते ते आकड्यांत यायला एवढा काळ लागला.

काळजी टाळता येत नाही, पण काही गोष्टी खचित टाळता येतात. बर्फ चावू नये, बाटलीचे बूच दाताने काढू नये, अक्रोड दाढेने फोडू नये, सुपारी कातरूनच खावी. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री घालायचे मऊ आवरण दंतवैद्याकडून करून घ्यावे. कळ आली तर लवंगेचे तेल वेळ मारून नेते, पण तेवढ्यावर विसंबून महिने काढू नयेत.

आणि या फराळाच्या दिवसांत घरातले कोणी, विशेषतः आजी किंवा आजोबा, चकली हातात घेऊन ती तशीच ताटात परत ठेवतील, “मला नको, दुखतं” म्हणतील, तर त्यांच्या तोंडात डोकावून “काही तर दिसत नाही!” असे म्हणण्याची घाई करू नये. ती भेग साडेसहा हजार वर्षे माणसाच्या डोळ्यांना चकवीत आली आहे. आपल्याला ती एका दृष्टिक्षेपात कुठून दिसणार? त्यांना जवळ बसवून एवढेच विचारावे: चावताना दुखते की सोडताना? आणि जे उत्तर येईल ते खरे धरून त्यांना दंतवैद्याकडे घेऊन जावे.